शिंक्याची गाठ आणि सगळ्यांची नावं

आज बचतीच्या वहीबद्दल नाही, तुमच्या हातातल्या गाठीबद्दल बोलणार आहे.

जुनं शिंकं आठवा. अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढायचा, दोरी वळायची आणि नुसत्या गाठी मारून दह्याचं मडकं पेलणारं शिंकं करायचं. माग नाही की यंत्र नाही. अशाच गाठींपासून मोठी शिल्पंही होतात.

मृणालिनी मुखर्जी १९४९ साली मुंबईत जन्मल्या, बडोद्याला कला शिकल्या. दोराच्या नैसर्गिक धाग्याला रंग देऊन, हातानं गाठी मारत त्यांनी मूर्ती घडवल्या. त्यातल्या काही माणसाहून उंच. नावं ‘यक्षी’, ‘वनश्री’, ‘पुष्प’. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयानं त्यांचं प्रदर्शन भरवलं.

दुसरं उदाहरण क्रोशाचं. समुद्र तापल्यामुळे पोवळ्यांची बेटं मरत आहेत. ते लोकांना दिसावं म्हणून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ मध्ये अमेरिकेत क्रोशानं पोवळी विणायला घेतली. पुढे देशोदेशीच्या हजारो बाया त्यात आल्या. प्रत्येकीनं एकेक तुकडा विणला, सगळे मिळून अख्खं बेट उभं राहिलं.

त्यातली युक्ती सोपी आहे. गोल विणताना प्रत्येक फेरीत दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला एक टाका वाढवत जा. विणकाम सपाट राहत नाही, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर उठते. सुती दोरा मऊ, तो लोंबतो. सुतळी ताठ राहते. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या जड, पण रंग छान देतात. उंच काही करायचं तर आत बांबूच्या कमच्यांचा किंवा तारेचा सांगाडा घ्या. तिन्ही धाग्यांचा वीतभर नमुना करून बघा, मग ठरवा.

आता खरा मुद्दा. प्रदर्शनात गिऱ्हाईक विचारतं, “सुतळीच्या वस्तूचे एवढे पैसे?” त्याला सुतळी दिसते, आपले दिवस दिसत नाहीत. आणि दहा जणींनी मिळून केलेली वस्तू एकट्या अध्यक्षाताईंच्या नावानं ओळखली गेली, तर बाकीच्या नऊ जणी घरी काय सांगतील? पोवळ्यांच्या त्या प्रदर्शनांत विणणाऱ्यांची नावं लावतात. आपणही लावू या.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: कोणी कोणता भाग केला, किती तास बसली, साहित्य कोणाचं. वाटणी कशी करायची, ते विक्रीच्या आधी ठरावात लिहा. जिला लिहिता येत नाही, तिचंही नाव वहीत आलंच पाहिजे. वस्तूला चिठ्ठी लावाल, तिच्यावर सगळ्यांची नावं लिहा.

हातची वस्तू जपून ठेवण्याइतकी मोलाची असते, हे आपल्या वर्ध्याला नवं नाही. गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ सालीच केलं.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक धागा आणा. म्हाताऱ्या सासूबाईंना शिंक्याची गाठ येत असेल, तर त्यांनाही घेऊन या. शिकवणाऱ्या म्हणून पहिलं नाव त्यांचं लिहा.