दुखणं खरंच असतं
(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कंबर दुखते, हातापायांची आग होते, छातीत धडधडतं, अंगावरून पांढरं जातं. या तक्रारी आपल्या प्रत्येक बैठकीत निघतात. तपासणीत काही सापडलं नाही की बाईला ऐकावं लागतं, 'तुला काही झालेलं नाही.' घरचे म्हणतात, 'सोंग करते.'

भीती वाटली की काळीज धडधडतं, श्वास वाढतो, अंग ताठतं. उचल फिटत नाही, नवरा मारतो, लेकरं गावी ठेवून फडावर जावं लागतं. ही धास्ती महिनोन् महिने राहिली की अंग सैल पडतच नाही. मग डोकं दुखतं, पाठ धरते, चक्कर येते. मूळ मनात असलं तरी दुखणं खरं असतं.

पण पहिली पायरी तपासणीचीच. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ साली गडचिरोलीतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. म्हणून 'मनाचं आहे' असं आधीच ठरवायचं नाही. उलट, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त दिसला.

आपल्या जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सगळ्यांची कारणं एक नव्हती. पण खाडा परवडत नाही आणि कॅन्सरची भीती घातलेली असते, तेव्हा 'पिशवी काढा' हा सल्ला लगेच पटतो. पिशवी गेली तरी धास्ती तशीच राहते.

तेव्हा आपण काय करायचं? रक्त, रक्तदाब, अंगावरून जाण्याची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यायची. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. बाईला एकटीला गाठून विचारायचं : दुखणं कधी सुरू झालं? तेव्हा घरात काय चाललं होतं? तिचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. धडधड वाढली तर शेजारी बसून सावकाश श्वास सोडायला शिकवायचं. दातखीळ बसली तर कांदा-चप्पल हुंगवायची नाही, गर्दी हटवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. मारहाण होत असेल तर उपाय तिथून सुरू करायचा. जीव द्यावासा वाटतो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो प्रत्येक गटाच्या वहीवर आजच लिहून घ्या.