मुलांच्या हातांतील विज्ञान
(आकाशवाणीवरील भाषण)

प्राथमिक शाळेतील मुलांना विज्ञान कसे शिकवावे, या विषयावर आज मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी विज्ञानाची पदवीधर नाही. बारावीनंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि इंदूरमध्ये तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवीत आले. तेव्हा माझे हे बोलणे विद्वानाचे नव्हे, वर्गावर उभ्या राहणाऱ्या बाईचे आहे, हे आरंभीच सांगून ठेवते.

आपल्याकडे विज्ञान बहुधा तोंडाने शिकविले जाते आणि कानाने शिकले जाते. ‘त्रिकोण ही पक्की आकृती होय’ हे वाक्य मुलगा पाठ करील आणि त्याचे गुणही मिळवील. पण पक्की म्हणजे काय, असे विचारताच तो खाली पाहू लागतो. यात त्याचा दोष नाही. ते वाक्य त्याच्या कानावर पडले आहे; ती गोष्ट त्याच्या हाताला कधी लागलेली नाही.

ती हाताला लागावी म्हणून काय करता येईल? सायकलच्या व्हॉल्व्हला जी बारीक रबरी नळी लागते, ती सायकलवाल्याच्या दुकानातून दीड मीटर आणावी. तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत, शंभर होतात. आगपेटीतल्या काड्यांचे गूल शिक्षकाने घरीच खरवडून पाण्यात टाकावे. हे काम मुलांवर सोपवू नये. चाळीस मुलांच्या वर्गाचे चार-चार मुलांप्रमाणे दहा गट होतात. प्रत्येक गटास सात काड्या व सात तुकडे दिले की पुरे. नळीच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी सारली म्हणजे सांधा तयार होतो, आणि नळी लवचिक असल्यामुळे तो हवा तसा वळतो. तीन काड्यांचा त्रिकोण करावयाचा, चार काड्यांचा चौकोन करावयाचा, आणि मुलांना एवढेच सांगावयाचे, “दोन्ही दाबून पाहा.”

चौकोन लगेच डुलतो, कलतो, पार चपटा होतो. त्रिकोण मात्र हटत नाही. सांधे तेच, काड्या त्याच. मग हा भेद कोठून आला? येथे शिक्षकाने तोंड मिटून बसावयाचे असते, आणि आम्हा शिक्षकांना हेच सर्वांत कठीण जाते. उत्तर जिभेवर आलेले असते. ते गिळून मुलांना खटपट करू द्यावी. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरून जातात, त्यांना हलावयास जागा उरत नाही. चौकोनाच्या चारी बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. हे कारण शेवटी सांगावयाचेच आहे. पण त्याआधी मुलांच्या बोटांनी ते ओळखलेले असावे.

पुढचा प्रश्न असा : चौकोन पक्का कसा करावा? बहुतेक गट मधून तिरपी काडी घालू पाहतात आणि अडतात, कारण काडी अपुरी पडते. काही गट चौकोनच दाबून ती बसवितात. मग चौरसाचा समभुज चौकोन होतो, पक्का खरा, पण कललेला. काही जण खराट्याची लांब काडी तोडून आणतात. ती किती लांब हवी, हे मोजू लागले की गणित आपण होऊन वर्गात येते. बाजू पाच सेंटिमीटर असेल तर तिरपी काडी सातांहून किंचित अधिक लागते. बाजू दहा असेल तर चौदांहून किंचित अधिक. पायथागोरसचे नावही न ऐकलेल्या मुलांच्या हाती त्याच्या सिद्धांताचे टोक येते.

अशाच एका तासाला चौथीतील एक मुलगी उभी राहिली. एरवी ती वाचताना अडखळे आणि मागच्या बाकावर मुकाट बसे. ती म्हणाली, “बाई, आमचे बाबा फाटकाला तिरपी पट्टी ठोकतात. ती काढली तर फाटक असंच झुकेल.” तिचे वडील सुतार होते. वर्गातील हुशार म्हणविणाऱ्या मुलांनी त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे वळून पाहिले. मग प्रत्येकाला काही ना काही आठवू लागले : छपराची कैची, विजेच्या तारांचा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, सायकलच्या मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या.

श्रोतेहो, हातांनी करावयाच्या विज्ञानाचा मला वाटणारा खरा लाभ हा आहे. सुताराचे, गवंड्याचे, कुंभाराचे मूल घरून पुष्कळ ज्ञान घेऊन शाळेत येते. पण आमच्या शाळेत ते ज्ञान विचारलेच जात नाही. चार-पाच वर्षांत त्याची समजूत होऊन बसते की बाबांना येते ते काम, आणि पुस्तकात आहे ती विद्या. हात आणि डोके यांची अशी ताटातूट आपल्या समाजात फार जुनी आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तोही ही ताटातूट मिटविण्यासाठीच होता.

आमच्या मध्यप्रदेशात तर याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. आज ज्यास नर्मदापुरम म्हणतात, त्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. १९७८ साली तो उपक्रम जिल्हाभर पसरला, आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो पुढे नेला. मुले गटागटाने प्रयोग करीत, आपली निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहीत, आणि परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवीत. काडी-नळीचा हा खेळही तेथलाच. १९७८ साली अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनियर त्या कामात सहभागी झाले, त्यांच्या हातून तो जन्मास आला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी तयार केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा उपक्रम मात्र २००२ साली शासनाने बंद केला. तथापि प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातही मुले प्रयोग करू शकतात, हे त्या तीस वर्षांनी दाखवून दिले आहे.

माझे सहकारी म्हणतील, यात वेळ फार जातो, वर्गात गलबला होतो आणि अभ्यासक्रम मागे राहतो. हे खोटे नाही. सर्वच विज्ञान हातांनी शिकता येते, असेही माझे म्हणणे नाही. सूर्य किती दूर आहे किंवा रोगजंतू कसे असतात, हे काडी-नळीने कळावयाचे नाही. ते सांगावेच लागेल. पण आठवड्यातून एक तास असा असावा, की ज्यात उत्तर आधी फळ्यावर लिहिलेले नसेल. बाकीच्या तासांत सांगितलेल्या गोष्टी कशा शोधल्या गेल्या असतील, याची कल्पना मुलांना त्या एका तासामुळे येते.

पालकांनाही एक विनंती आहे. मूल घरी येऊन काड्या जोडीत बसले, तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणून त्याला उठवू नका. त्याला घेऊन अंगणाच्या फाटकाशी जा, तिरपी पट्टी दाखवा, आणि ती कशासाठी असेल, हे त्यालाच विचारा. उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला थोडा वेळ फाटक हलवून पाहू द्या.