लक्ष नाही, असं लिहू नका

काळ्या झग्यात घामाघूम झालेल्या माझ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं त्याहून जास्त. हे झालं.

लक्ष आणि स्मृती यांवर काही प्रेरणादायी बोला, असा मला निरोप होता. प्रेरणा माझ्याकडं फारशी नाही. मुलांच्या चाचण्या घेण्यात आयुष्य गेलं, त्यातून तक्रारी मात्र बऱ्याच साठल्यात.

पहिली तक्रार प्रॅक्टिकलची. हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, किती वेळानं किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली पुस्तक काढलं. प्रयोग करणारा तोच, प्रयुक्तही तोच. किती चिकाटी! आणि आम्ही? मी शिकले तिथं अशा याद्या दाखवायचा मेमरी ड्रम कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली निवृत्त झालेल्या सरांच्या घरी. प्रत्येक बॅचच्या जर्नलात कुण्या एका जुन्या विद्यार्थिनीचे तेच आकडे उतरायचे. विस्मरणाचा तो आलेख इतका पाठ झाला होता की कुणाला विस्मरण म्हणून व्हायचंच नाही. बाहेरचे परीक्षक येत, चिवडा-चहा होई, सह्या होत. मानसशास्त्र असं शिकवल्यावर लग्नघरी लोक आपल्याला धरून ‘माझ्या मनात काय आहे ते ओळखा’ म्हणतात, त्यात त्यांचं काय चुकलं?

असो. मी अकोल्याच्या जुन्या शहरातलीच. राजराजेश्वराचं देऊळ आमच्या घरापासून हाकेवर. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी यायच्या. खांद्यावर बांबू, त्याला भरणे लटकलेले, पुढं ढोल, मागं ढोल आणि मधे ‘हर्र बोला महादेव’. शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण दुरून कुणी माझं नाव घेतलं की मान आपोआप वळायची. कॉलेजात आल्यावर कळलं की यावर प्रयोग झालेत. १९५३ साली कॉलिन चेरीनं लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एका कानातला मजकूर मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते पुढं कुणाला धड सांगता येईना. आवाज बाईचा की बाप्याचा, एवढं कळे. भाषा बदलली तरी पत्ता नसे. मग १९५९ मध्ये नेव्हिल मोरेनं त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं. ते साधारण तिघांतल्या एकालाच ऐकू आलं.

आमच्या पाठ्यपुस्तकांत त्या एकाचंच कौतुक असतं. मला उरलेल्या दोघांची काळजी वाटते. स्वतःचं नाव कानात पडूनही ते त्यांना ऐकू आलं नाही. ते ना बहिरे, ना उद्धट. त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं, तेही आपणच लावलेलं. वर्गात मात्र अशा पोराच्या पाठीत धपाटा बसतो.

असाच एक पोरगा माझ्याकडं आला होता. चौथीतला. सोबत शाळेची चिठ्ठी: ‘लक्ष नाही. स्मरणशक्ती कमी.’ मी आकडे म्हणायला लागले. मी म्हणायचे, त्यानं त्याच क्रमानं परत म्हणायचे. चार आकड्यांतच गडी अडखळला. मी पाहिलं, तर त्याचं तोंड माझ्याकडं आणि कान दाराकडं. ‘काय ऐकतोस रे?’ ‘माय भाईर बसली हाये जी. तिचा रोज बुडते.’ आईला आत बोलावून त्याच्याशेजारी बसवलं, अर्ध्या दिवसात सोडते म्हणून सांगितलं, आणि दुसरे आकडे घेतले. सहा आकडे सरळ आले. मग ती बाई सांगायला लागली: बाजारात भाजीच्या दुकानावर हाच बसतो, कोणाची किती उधारी ते याच्याच डोक्यात, वही नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास झाला, तो १९८५ साली छापून आला. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसलीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा ३७ टक्के. मुलं तीच, डोकं तेच. मुलं फार थोडी होती, हेही सांगते, नाहीतर तुमच्यातलाच कुणी उठून नमुना लहान आहे म्हणेल. म्हणावंच.

चाचण्यांची तक्रार तर आम्हा लोकांची जन्माची. व्ही. व्ही. कामतांनी इंग्रजांच्या काळात बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बांधली. आजही कितीतरी ठिकाणी तीच वापरतात. माणसानं केवढं काम केलं! आपण त्यानंतर काय केलं? परक्या मुलांवर बसवलेले गुणांचे तक्ते आपल्या पोरांना लावत बसलो. वेल्श भाषेत आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये विचारलं की कमी आकडे लक्षात राहतात, हे १९८० मध्येच दाखवलं गेलंय. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीत विचारलं तर काय होतं, ते मोजायला इथून मुंबईला पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

आता तक्रार पाठांतराची. आमचे आजोबा कापसाच्या अडतीवर मुनीम. पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. मण आणि भाव कानावर पडला की रक्कम तयार. त्यांना मी कधी हुशार समजले नाही. पाढे पाठ असल्यानं हिशेबाचा भार डोक्यावर नसायचा आणि त्यांचं सगळं लक्ष समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असायचं, हे मला फार नंतर, बॅडली आणि हिच यांचं स्मृतीवरचं काम वाचताना उमगलं. म्हणून पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि अकोल्यातले क्लासवाले पोरांकडून तोच धडा दहादा वाचून घेतात, त्यांच्याशीही जमत नाही. रोडिगर आणि कारपिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं असतात. आठवड्यानं विचारलं तर पुस्तक मिटून आठवून पाहणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, फीची पावती मात्र लगेच मिळते.

प्राचार्य घड्याळाकडं पाहताहेत. एवढंच ऐका. तुमच्यातले काही शाळांत समुपदेशक होतील, काही दवाखान्यांत बसतील. तुमच्या सहीच्या एका ओळीनं पोराची तुकडी ठरेल, कधी शाळाच सुटेल. त्या कागदावर ‘लक्ष नाही’ असं लिहू नका. जागं पोर आणि लक्ष नाही, असं मी तरी कधी पाहिलं नाही. ते कुठं होतं, ते लिहा. दाराकडं, पोटाकडं, मागच्या बाकावरून टोचणाऱ्याकडं, जे असेल ते. कळलं नाही तर कळलं नाही असं लिहा, आणि पोराला पुन्हा बोलवा, त्याच्या मायचा रोज बुडणार नाही अशा वेळी. मुख्याध्यापक म्हणतील, फॉर्मवर एवढी जागा नाही. मागच्या बाजूला असते.