म्हाताऱ्यांची साक्ष
(झरी-जामणी तालुक्यातल्या पोडावरच्या सभेतील भाषण)



१९४८ साली जगातल्या देशांनी करार केला : एखादा समाज मिटवायला निघणं हा गुन्हा. नुसतं मारणं नाही. जगणंच अशक्य करणं, लेकरं हिसकून दुसऱ्यांना देणं, हेही त्यात आलं. १९५९ मध्ये भारतानंही त्याले मान्यता दिली.

पण कागद धावून येत नाही. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत लाखो माणसं कापली गेली. तिथलं संयुक्त राष्ट्रांचं सैन्य वाढवायचं सोडून कमी केलं!

आता ग्वाटेमालातल्या इक्सिल आदिवासींचं ऐका. १९८२-८३ मध्ये लष्करानं त्यांची गावं जाळली, मका जाळला, माणसं मारली. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, वाचलेली माणसं कोर्टात आपल्याच बोलीत बोलली. तेव्हाचा सत्ताधीश रिओस माँट दोषी ठरला. दहा दिवसांत वरच्या कोर्टानं निकाल रद्द केला. पण साक्ष नोंदलेली राहिली.

आपल्यावर तसंच संकट आहे, असं मी म्हणत नाही. मोठा शब्द उगाच वापरू नये. पण ज्याची नोंद नाही, त्याले उठवणं सोपं जाते. वनहक्क नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा आहे. तो दावेदाराचा नको, आणि जोडीला दुसरा पुरावा पाहिजे. म्हणून पेरणीआधी म्हाताऱ्यांजवळ बसा. कोलामीत सांगतील ते मराठीत उतरवा, ग्रामसभेत वाचा, अंगठा घ्या.

जिंदाबाद!