जळालेल्या अॅम्प्लिफायरविषयी
(महोत्सवानिमित्त गायकवृंदाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी गायकवृंदाविषयी दोन शब्द बोलावे, अशी आम्हांस विनंती झाली आहे. त्याची स्तुती करणारे आज पुष्कळ आहेत; सबब आम्ही त्याच्या बेस गिटारच्या जळालेल्या अॅम्प्लिफायरविषयी बोलणार आहोत, कारण त्या बाबतीत आम्हांस आपणांपुढे एक कबुली द्यावयाची आहे.

गेल्या सणाच्या रात्री ते यंत्र मांडवात धुमसून बंद पडले, हे आपणांस स्मरत असेलच. वाजविणाऱ्या मुलाने आवाज भलताच चढविला, असा सर्वांनी त्याजवर ठपका ठेविला. आम्हीही काही बोललो नाही. त्या दिवसापासून त्याने गिटारास हात लाविला नाही.

पावसाळ्यात आम्ही ते यंत्र आमच्या निवासातील मेजावर उघडले व विजेरी धरावयास त्याच मुलास बोलाविले. प्लग काढला म्हणजे भय संपले, असे नव्हे. आतील मोठ्या कपॅसिटरांत वीज साठून राहते. आमचे यंत्र ट्रान्झिस्टरचे, त्यात ती 40 व्होल्टांच्या आसपास. परंतु व्हॉल्व्हच्या यंत्रांत 400 व्होल्टांहूनही अधिक असू शकते व प्राण घेते. म्हणून रोधकातून ती उतरवून, मीटरवर शून्य पाहून, मगच आत हात घातला. शेवटच्या जोडीचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले होते, आणि त्यांजजवळचे 0.33 ओहमचे रोधक कोळसा झाले होते.

असे का व्हावे? यंत्रामागे किमान 4 ओहम असे स्वच्छ छापलेले आहे. त्याचा स्वतःचा स्पीकर 4 ओहमचा; मांडव मोठा म्हणून आमच्याच सांगण्यावरून तितक्याच ओहमचा दुसरा त्यास समांतर जोडला गेला. दोहोंचे मिळून 2 ओहम झाले, व यंत्राकडे दुप्पट प्रवाह मागितला गेला. तरीही पहिल्या तडाख्यास फ्यूज उडून पुढील नाश टळावयास हवा होता. फ्यूजची डबी उघडली, तो आत तांब्याच्या तारेचे चार पदर!

"फादर, ही कोणी घातली?" मुलाने विचारले.

"आम्हीच, बाळा."

सणापूर्वी महिनाभर, मिस्सेस पाच मिनिटे उरली असता फ्यूज उडाला, तेव्हा ती तार आम्हीच गुंडाळली होती. यानंतर तो बराच वेळ बोलला नाही, आम्हीही नाही.

ट्रान्झिस्टर व रोधक नवे घातले. मग विजेच्या वाटेत 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा ओळीने जोडून बटन दाबले. दिवा क्षणभर उजळून मंद व्हावा. आमचा उजळलेलाच राहिला! म्हणजे आत अद्याप कोठेतरी वीज आडवाटेने जात होती. दोन संध्याकाळ आम्ही शोधले. अखेर ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पापुद्रा एका कोपऱ्यास फाटला आहे, हे मुलानेच पाहिले. आमच्या पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांस ते दिसते ना. पापुद्रा बदलला, दिवा मंदावला. स्पीकरच्या टोकांवर एकदिश वीज जवळजवळ नाही, अशी मीटरने खात्री करून मगच स्पीकर जोडला, नाहीतर त्याचेही वेटोळे जळते. मुलाने सर्वांत खालची तार छेडली. सेकंदास 41 कंपने. मेजावरील पेला थरथरला.

आता फ्यूज छापील मापाचा आहे, व तसाच दुसरा झाकणाच्या आत चिकटविला आहे. तांब्याची ती तार आम्ही बरोबर आणली आहे. ज्यांनी सणाच्या रात्री त्या मुलास बोल लाविले, त्यांनी आज ते आम्हांस लावावेत. सायंकाळी बेस तोच वाजविणार आहे. दुसरा स्पीकर मात्र कृपा करून कोणी जोडू नये.