काडीवरचा लाडू

लाडू वळण्याचें काम मराठी घरांतील पुरुषांच्या वांट्याला फारसें येत नाहीं. दिवाळींत डबा उघडणें आणि संपला कीं तो रिकामा झाल्याचें जाहीर करणें, एवढाच त्यांचा लाडवाशीं संबंध. परंतु फेब्रुवारीची चौदा तारीख जवळ आली, कीं शहरांतल्या एखाद्या घरांत बाह्या सरसावून, चुरा कालवून, गोळे वळीत बसलेला नवरा अलीकडे दृष्टीस पडूं लागला आहे. तो जें वळतो त्याला तो लाडू म्हणत नाहीं, केक-पॉप म्हणतो.

केक-पॉप हा पदार्थ मूळचा अमेरिकेंतला. तयार केक कुसकरावयाचा, तो चुरा फ्रॉस्टिंगमध्यें, म्हणजे लोणी व पिठीसाखर फेसून केलेल्या लेपांत मळावयाचा, लहान गोळे वळून काडीला लावावयाचे आणि पातळ केलेल्या चॉकलेटांत बुडवून सुकवावयाचे, इतकीच त्याची कृति. जॉर्जिया राज्यांतील अँजी डडली या बाईंनीं २००८ सालीं तो लोकांपुढें आणला. त्याच वर्षीं मार्था स्ट्यूअर्ट यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत त्यांनीं तो करून दाखविला. २०१० सालीं त्यांचें पुस्तक निघालें आणि २०११ मध्यें स्टारबक्सच्या दुकानांतून तो विकला जाऊं लागला. उरलेला केक कुसकरून पुन्हां वळण्याची युक्ति मात्र याहून जुनी आहे. डेन्मार्कमधील बेकरीवाले उरल्यासुरल्या केकांचा चुरा करून त्यांत कोको आणि रमचा स्वाद घालून गोळे वळतात. महाराष्ट्रांत तर शिळ्या पोळीचा, गूळ-तुपाचा लाडू खाल्ला नाहीं असें मूल शोधावें लागेल.

ठाण्यांतील एका तरुण गृहस्थाची गोष्ट या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. लग्नाला चार वर्षें झालेलीं. पत्नी बँकेंत अधिकारी. तिच्या दर वाढदिवसाला दुकानांतून केक येई, मेणबत्ती विझे, टाळ्या होत, आणि पत्नी आपल्या वांट्याच्या तुकड्यावरील गुलाबी-पांढरा लेप चमच्यानें हलकेच बाजूला सारून आंतला केक तेवढा खाई. ताटलीच्या कडेला लेपाचा लहानसा ढीग उरे. चौथ्या वर्षीं त्या ढिगाकडे नवऱ्याचें लक्ष गेलें. चार वर्षांनंतर कां होईना, गेलें.

त्या फेब्रुवारींत त्यानें ठरविलें, कीं या खेपेस भेट दुकानांतली नको. आपल्या हातची हवी, आणि तिच्यांत तो लेप नको. केक-पॉपची कल्पना त्याला आवडली, पण जी कृति पाहावी तिच्यांत फ्रॉस्टिंग आहेच. तें वगळलें तर चुरा एकत्र धरून कोण ठेवणार?

हा प्रश्न दिसतो तितका अवघड नाहीं. केकचा चुरा म्हणजे भाजलेल्या पिठाची सच्छिद्र जाळी. तिला ओलावा मिळाला कीं ती मऊ होते, साखरेचा चिकटपणा मिळाला कीं कण एकमेकांना धरतात, आणि थोडी स्निग्धता असली तर गोळा गार झाल्यावर घट्ट बसतो. फ्रॉस्टिंग या तीन गोष्टी एकदम पुरवितें म्हणून तें सोयीचें, एवढेंच. त्या दुसऱ्या पदार्थांतूनहि मिळतात. आटवलेलें गोड दूध, म्हणजे डब्यांतलें कंडेन्स्ड मिल्क, हें सर्वांत भरंवशाचें. गरम सायीच्या मलईंत चॉकलेट विरघळवून केलेलें मिश्रण अधिक श्रीमंत लागतें. चक्का घातला तर किंचित् आंबटपणा येतो व तो गोडाला छान तोडतो. मात्र असे गोळे शीतपेटींत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे लागतात. मुरंब्याचा किंवा जॅमचा रसहि चालतो. लोणी-साखरेचा लेप हा या सगळ्यांत सर्वांत बेचव, हें सांगावयास हरकत नाहीं. त्यांत गोडीवांचून दुसरें कांहीं नसतें. तो काढून टाकला, कीं केक स्वतः चांगला असणें भाग पडतें.

म्हणून आधीं केक. त्या घरांत अंडें चालत नसे, तेव्हां गृहस्थानें दह्याचा केक केला. एक वाटी ताज्या दह्यांत पाऊण वाटी साखर विरघळवून त्यांत सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालावा. पांच मिनिटांत मिश्रण फसफसून वर येतें. मग अर्धी वाटी तेल, चमचाभर व्हॅनिला, आणि शेवटीं दीड वाटी चाळलेला मैदा थोडाथोडा मिसळावा. चमचा येथें चहाचा समजावा. आधीं तापविलेल्या भट्टींत १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटें भाजावें. सुरी खुपसून कोरडी निघाली कीं झालें. (बायको भाजीला गेली असतां केलेला केक गुप्त राहात नाहीं, हें मात्र लक्षांत ठेवावें. त्याचा वास जिन्यापर्यंत येतो.) केक पुरता निवल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशीं, कडेची जाड साल काढून बोटांनीं रव्यासारखा कुसकरावा. गरम केक कुसकरला तर त्याचा चिखल होतो.

चिखल त्याचा दुसऱ्याच कारणानें झाला. कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडल्यावर त्यानें अर्धा एकदम ओतला आणि दोन्ही हातांनीं कणिक तिंबावी तसें तें मिश्रण तिंबलें. गोळे वळले गेले, पण जड आणि मेणचट. काडी लावून चॉकलेटांत बुडवितांच पहिला गोळा काडीवरून सुटून तळाला गेला, आणि त्याला काढावयास गेलेला दुसरा गोळा त्याच्यामागोमाग.

त्याची आई ओट्यापाशीं उभी राहून हें बराच वेळ पाहात होती.

“अरे, तिंबतोस काय असा?” ती म्हणाली. “पोळीचा लाडू आहे हा. गूळ जास्त पडला कीं तोहि असाच बसतो. मूठ आवळून बघायची. मुटका राहिला कीं हात थांबवायचा.”

आईला केक-पॉप ठाऊक नव्हता, पण सांगितलें तें अचूक होतें. पुढच्या रविवारीं नव्या केकच्या चुऱ्यांत त्यानें प्रथम फक्त चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घातलें, बोटांच्या टोकांनीं कालवलें, मूठ आवळून पाहिली, मग आणखी एक चमचा. एवढ्यानेंच काम भागलें. सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान, पंचवीस-तीस ग्रॅमचे एकवीस गोळे झाले. वळतांना लाडवाप्रमाणें आधीं घट्ट दाबावें आणि मग तळहातावर हलकेच फिरवावें. फिरवून दाबलें तर भेगा पडतात.

गोळे अर्धा तास शीतपेटींत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. फार थंड गोळ्यावर कोमट चॉकलेट चढलें, कीं बाहेर आल्यावर गोळा फुगतो आणि वरचें कवच तडकतें. काडीचें टोंक प्रथम वितळलेल्या चॉकलेटांत बुडवून मग गोळ्याच्या मध्यापर्यंत खुपसावें व तें गोठूं द्यावें. तें चॉकलेटच काडीला खिळ्यासारखें धरून ठेवतें. पहिल्या रविवारीं ही एक पायरी गाळल्यानेंच अर्धें नुकसान झालें होतें.

चॉकलेट वितळविणें हें लोक समजतात तितकें सोपें काम नाहीं. त्याचा वैरी पाणी. दोन-चार थेंब पडले, तरी त्यांतील साखर तें पाणी शोषून चिकट होते आणि सगळें मिश्रण दाणेदार होऊन आंखडतें. म्हणून पातेल्यांतील पाण्याला उकळी आणून खालचा गॅस बंद करावा, वर पुरतें कोरडें भांडें ठेवावें, आणि वाफ आंत शिरूं देऊं नये. खरें चॉकलेट असेल तर आणखी एक अडचण आहे. त्यांतील कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठतें, आणि त्यांपैकीं एकच प्रकार चकचकीत असून कट्‌कन् तुटतो. तो मिळविण्यासाठीं काळें चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवून, सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत निववून, पुन्हां ३१-३२ वर आणावें लागतें. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनीं कंपाउंड म्हणून मिळणारें, दुसऱ्या वनस्पति-तेलाचें चॉकलेट घ्यावें. तें जिभेवर जरा मेणासारखें रेंगाळतें, पण नवशिक्याला दगा देत नाहीं. वीस-बावीस गोळ्यांना सुमारें चारशें ग्रॅम लागतें. उभट पेल्यांत ओतून गोळा सरळ खालीं बुडवावा, सरळ वर काढावा आणि मनगटावर टिचकी मारून जादा चॉकलेट गळूं द्यावें. सुकविण्यासाठीं तांदूळ भरलेल्या पेल्यांत काड्या रोवल्या म्हणजे झालें.

येथें एखादा चोखंदळ श्रोता विचारील, कीं बाजारचें चॉकलेट आणि डब्यांतलें दूध वापरून केलेली वस्तु घरची कशी म्हणावी? हाच प्रश्न जपानांतहि निघतो. तेथें १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात, आणि १४ मार्चला पुरुषांनीं परत भेट द्यावी हा रिवाज १९७८ पासून चालू आहे. कचेरींतल्या सहकाऱ्यांना रीत म्हणून दिलेलें चॉकलेट ‘गिरि’, म्हणजे कर्तव्यापोटीं दिलेलें. मनापासूनचें तें ‘होन्मेइ’. हें दुसरें पुष्कळ मुली स्वतः करतात. कोकोच्या बिया कांहीं त्या भाजीत बसत नाहींत. दुकानांतल्या वड्याच वितळवून पुन्हां सांच्यांत ओततात. तरी तें हातचें मानलें जातें. दुकानदाराला घेणारा माणूस ठाऊक नसतो. घरीं वितळविणाऱ्याला तो बदाम खातो कीं नाहीं, कडू त्याला किती चालतें, हें ठाऊक असावें अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी झाली नाहीं, तर साखरेचे गुलाब लावूनहि भेट फुकट जाते.

ठाण्याच्या त्या घरांत एकवीस गोळ्यांपैकीं नऊच देखणे निघाले. कांहींच्या काड्या वांकड्या, कांहींना तळाशीं चॉकलेटाची चुंबळ. नऊ काड्या स्टीलच्या पेल्यांत तांदळांत उभ्या करून त्यानें त्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. पत्नी बँकेंतून आली तेव्हां साडेआठ वाजले होते. तिनें पर्स खांद्यावरून न काढतांच एक उचलला, अर्धा तोडला आणि आंत पाहिलें.

“यांत क्रीम नाहीं?”

“तूं खातेस कुठें तें?”

ती कांहीं बोलली नाहीं. खुर्ची ओढून बसली आणि उरलेला अर्धा संपवून तिनें दुसरी काडी काढली, तेव्हां थोडे तांदूळ टेबलावर सांडले. वांकड्या काड्यांचे बारा गोळे आईनें दुपारींच काड्या काढून लाडवांच्या डब्यांत भरून ठेवले होते. जेवणानंतर तो डबाहि बाहेर आला.