डिस्क खरोखर बिघडली का?

श्रोतेहो, मुकुंदवाडी स्टेशनात गाडी उभी आहे, पण ड्रायव्हर आलेला नाही. गाडी हलणार नाही. पण म्हणून तिला कोणी भंगारात काढत नाही. संगणकाच्या डिस्कला मात्र आपण हा न्याय लावीत नाही.

समजा, उन्हाळ्याची सुट्टी संपली. इथल्याच एखाद्या शाळेत गुरुजींनी जुना संगणक चालू केला. विंडोज सुरू होता होता अडकली, निळा पडदा आला. आत मुलांच्या दाखल्यांची नोंद, निकालपत्रके. कोणी सल्ला देतो, "फॉर्मॅट मारा." गुरुजी, जरा थांबा!

डिस्कवरील मजकूर आणण्या-नेण्याची जी यंत्रणा, ती कंट्रोलर. एके काळी त्याचे कार्ड वेगळे बसवावे लागे. आता तो मदरबोर्डवरच असतो. त्याच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कंट्रोलर एएचसीआय पद्धतीने चालवायचा की रेड, हे बायॉसमध्ये ठरते. मदरबोर्डवर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की घड्याळ चुकते, आणि पुष्कळ जुन्या संगणकांत ही निवडही बदलते. मग विंडोजकडचा ड्रायव्हर एका पद्धतीचा, कंट्रोलर दुसऱ्या पद्धतीचा! डिस्क तीच, मजकूर तोच. ओळख तेवढी तुटली.

तेव्हा आधी वीज बंद करून डिस्कची केबल घट्ट आहे का पहा. सेल बदला. बायॉसमध्ये डिस्कचे नाव दिसते का पहा. दिसत असेल, तर पूर्वीची पद्धत निवडून पहा. डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र यंत्र बंद करून जाणत्याकडे न्या.

नव्या यंत्रांतही असा प्रसंग येतो. २०२० पासूनच्या इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अनेक संगणकांत विंडोज नव्याने घालताना डिस्कची यादीच रिकामी दिसते. तिथे इंटेलचा व्हीएमडी कंट्रोलर चालू असतो. संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यावा, आणि "लोड ड्रायव्हर" म्हणून तो दाखवावा. डिस्क हजर!

शिक्षक बंधुभगिनींनो, आजच बायॉस उघडा, डिस्कची पद्धत वहीत टिपून ठेवा. आणि दाखल्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्या. कारण कधीतरी गाडी खरोखरच मोडते.